सकाळ माझी, संध्याकाळ त्यांची

१२ जानेवारी

आज लेकरू घरी आलं. मुलगी आहे. नाक आमच्याकडचं, म्हणजे माझ्या विश्वंभरचं, आणि रंगही आमचाच. हे मी वसमतच्या दवाखान्यातच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. अशा गोष्टी वेळेवर सांगितल्या नाहीत की दुसरे लोक हक्क सांगत येतात.

दुसरे लोक म्हणजे जनकाबाई, सुनेची आई. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. पण पुनमचं सीझर झालं, टाके लवकर भरेनात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दवाखान्यापासून लांब जाऊ नका. नरसी लांब पडतं, आमचं कुरुंदा जवळ. मग माहेरच उठून सासरी आलं. एक गाठोडं, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि एक दुभती शेळी घेऊन जनकाबाई टेम्पोतून उतरल्या.

या बाईनं दोन वर्षांत आमच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची कडक रीत. यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायच्या. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आज रीत फिटली, म्हणून त्या माझ्या रांजणातलं तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मचूळ हाय वो." बाटलीच बरी होती.

शेळी अंगणात बांधली आहे. अंधार पडेपर्यंत तिनं माझा कढीपत्ता बुडापर्यंत खाल्ला.

१४ जानेवारी

सणाच्या दिवशी भांडण झालं. मी केलं नाही, झालं.

मी लेकराला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते. जनकाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बघायला माझी हरकत नव्हती. पण त्या पुढं आल्या, माझ्या पायांवरचं लेकरू उचललं आणि म्हणाल्या, "असं न्हाई. टाळू दाबा, नाक वढा. न्हाई तर नाक बसकं ऱ्हातं."

मी म्हटलं, "नाक आमचं आहे. ते बसकं राहत नाही."

"आमी बी लेकरं वाढवली, मास्तरीनबाई. शेरडं-मेंढरं बी वाढवली."

"ते दिसतंच आहे."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं पुनमच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण बोलले ते खरंच होतं. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं सांभाळली आहेत. गावातल्या निम्म्या माणसांना शेंबूड पुसायला मी शिकवलंय.

संध्याकाळी किसनराव शेतातून आले. नवऱ्याचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, वहीत घेते. शेतात हळद काढणी सुरू झाली आहे, त्यांना घरात लक्ष घालायला वेळ नाही. दोघींचं ऐकून घेतलं आणि शेत वाटावं तसं लेकरू वाटलं. "सकाळची आंघोळ तुझी. सांजची मालिश अन् धुरी विहीणबाईंची. एकमेकींचा बांध कोरायचा न्हाई."

बाजेवरून पुनम म्हणाली, "अन् माझं?"

किसनराव म्हणाले, "तू आराम कर."

१८ जानेवारी

आज पुनमनं आम्हा दोघींना बसवून सांगितलं. म्हणजे आम्ही बसलोच होतो, एक या भिंतीला, एक त्या. "मामी, माय, दोघी बी ऐका. डॉक्टरीणबाईनं बजावून सांगितलंय. सहा महिने माझ्या दुधाशिवाय काहीच द्यायचं न्हाई. पाणी न्हाई, मध न्हाई, गुटी न्हाई. दवाखान्यात एक लेकरू आलं होतं गुटीनं. म्या डोळ्यांनं पाहिलंय."

बोलताना तिचा आवाज कापत होता. या पोरीला एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी मान हलवली. जनकाबाईंनीही हलवली. मान हलवायला काय लागतं?

आता इथं लिहायला हरकत नाही. विश्वंभरला मी गुटीवर वाढवलंय, आणि तो आज वसमतला बी-बियाण्यांच्या दुकानात हिशेब बघतो, मोटरसायकल चालवतो, काही बिघडलं नाही त्याचं. या डॉक्टरीणबाई स्वतः कशावर वाढल्या ते त्यांच्या आईला विचारावं. लेकरू रात्रभर किरकिर करतं. पोटात गुबारा धरत असणार.

२० जानेवारी

माळ्यावरून सहाण काढली. धुवून न्हाणीत ठेवली, तिथं कोणी येत नाही. आंघोळीनंतर बदाम, हळकुंड, वेखंड, आणि जायफळाचा एक वेढा. बोटानं चाटवलं. लेकरानं तोंड वेडंवाकडं केलं आणि मग मिटक्या मारल्या. आपलं माणूस आपल्या हाताला ओळखतं.

दुपारपर्यंत गाढ झोपलं. पुनमला म्हटलं, "बघ, आंघोळ नीट घातली की लेकरू कसं झोपतं." ती म्हणाली, "व्हय, मामी." आभार मानले नाहीत.

२४ जानेवारी

जनकाबाईंशी बोलणं बंद. शेजारच्या शंकरसिंगच्या बायकोपाशी त्या म्हणाल्या की मास्तरीनबाईला लेकरू धरता येत नाही, पुस्तक धरल्यावाणी धरतात. हे शब्द मला एका तासाच्या आत कळले, कारण शंकरसिंगची बायको माझी विद्यार्थिनी आहे.

आता काय सांगायचं असेल ते पुनममार्फत. "पुनम, तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंय." "पुनम, तुझ्या सासूला म्हन, शेळीला दगड मारू नका." काल मधेच पुनम म्हणाली, "तुमी दोघी बी समोरासमोर हायत," आणि भिंतीकडं तोंड करून पडली. आमच्या वेळी सासूकडं पाठ करून पडायची कोणाची छाती नव्हती.

जायफळाचे दोन वेढे घेते आता. एकानं लेकरू दुपारीच उठत होतं.

२८ जानेवारी

पुनमला ताप भरला. छाती दगडासारखी झाली आहे म्हणते. "लेकरू पिऊनच नाही राहिलं, मामी. तोंडात देते तर तसंच झोपतं. गालाला टिचकी मारली, तळवे चोळले, उठंना."

मी सांगितलं, "तुझं दूध जड आहे. लेकराला पचत नाही म्हणून घेत नाही."

पलीकडून जनकाबाई, माझ्याकडं न बघता: "दूध पातळ हाय. पोट भरत न्हाई मनून लेकरू कंटाळतं."

जड असो की पातळ, दोष दुधात आहे यावर आमचं एकमत झालं. पहिलंच. पुनम रडायला लागली. बाळंतिणीनं रडू नये, डोळे जातात, तेही सांगितलं.

मग ती म्हणाली, "एक दिवस मला एकटीला द्या तिला. एकच दिवस. आंघोळ बी म्याच घालते, मालिश बी म्याच करते. तुमी दोघी बी हात लावू नका."

मला फार लागलं ते. आम्ही काय चोर आहोत? टाक्यांची बाई, वाकता येत नाही, न्हाणीत पाय घसरला तर? मी लेकराच्या काळजीनं नाही म्हटलं. जनकाबाईही नाही म्हणाल्या. त्यांचं कारण त्यांना माहीत, त्यांना आपली संध्याकाळ सोडवत नसणार.

१ फेब्रुवारी

विश्वंभर जेवताना म्हणाला, "लेकरू लई गुणी हाय आपलं. आवाजच न्हाई." मी तोंड उघडणार तोच जनकाबाई म्हणाल्या, "जावईबापू, सांजच्याला अंग रगडलं की लेकरू सकाळपस्तोर हालत न्हाई. हाताचा गुन हाय."

हाताचा गुण! माझ्या दोन वेढ्यांचं श्रेय या बाई हातोहात घेऊन गेल्या आणि मला तोंड उघडता येईना. उघडलं तर गुटीचं कळणार.

दुपारी त्या अंगणात असताना त्यांचा बटवा बाजेवर उघडा पडला होता. मी हात लावला नाही, नुसतं पाहिलं. सुपारी, कात, एक जायफळ, तेही बरंच झिजलेलं. म्हणजे बाई स्वतःच्या झोपेसाठी घेते. म्हणूनच दुपारी घोरते. लेकराच्या तोंडालाही सकाळी कधी कधी जायफळाचा वास येतो. तिच्या हाताचा वास लागत असणार. किळस आली. म्हटलं, आंघोळीच्या आधी लेकराचं तोंड पुसून घेत जावं.

३ फेब्रुवारी

आशाताई वजन करायला आली. वजन वाढलं नाही, थोडं उतरलंच म्हणाली. पुनमकडं बघून म्हणाली, "ताई, नीट पाजता ना?" पुनमनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. आम्ही दोघी काय सांगणार? पाजायचं काम तिचं.

तिचे डोळे आत गेले आहेत. लाडू खात नाही. मी केलेला शिराही खात नाही, हे चांगलं, म्हणजे निदान भेदभाव करत नाही.

५ फेब्रुवारी

सव्वा महिना जवळ आला. बारशाला पाहुणे येणार. नाव मंजुळा ठेवायचं, माझ्या सासूबाईंचं. जनकाबाईंचं म्हाळसा चाललं आहे. त्यांच्या मेंढ्यांपैकी एखादीला ठेवा म्हणावं.

काल लेकरू माझ्या आंघोळीत थोडं रडलं आणि त्यांच्या मालिशीत रडलं नाही. त्या चौकटीला टेकून हसल्या. आज वेढे तीन.

७ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या बाकावर लिहिते आहे. वही पिशवीतच असते.

सकाळी लेकराला पायांवर घेतलं. पाणी ओतलं तरी डोळे उघडले नाहीत. दुसरा तांब्या ओतला. हात सोडला की हात खाली पडत होता. मी गुटी दिलीच नाही आज, द्यायच्या आधीच हे. मी हाक मारली, कोणाला मारली आठवत नाही. पुनम आली. टाके विसरून धावत आली, आणि माझ्या पायांवरचं ओलं लेकरू तिनं हिसकावून घेतलं. "सरा," म्हणाली. मला.

शंकरसिंगनं जीप काढली. वाटेत तिनं लेकरू कोणाच्याही मांडीवर दिलं नाही. लुगड्यात गुंडाळून छातीशी धरून बसली आणि सारखी त्याच्या नाकाशी बोट नेत होती.

डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा लेकरू जरासं कण्हलं. साखर उतरली आहे म्हणाले. सलाईन लावलं. मग विचारलं, "हिला काय दिलं होतं?"

पुनम म्हणाली, "माझं दूध. बाकी काहीच न्हाई."

"खरं सांगा. ही गुंगी आहे. दुधानं होत नाही."

"देवाशपथ, काहीच न्हाई."

डॉक्टर चिडले. "तुम्ही आई आहात की कोण? लेकराच्या पोटात काय जातं तेवढंही माहीत नाही?" विश्वंभर दुकानातून तसाच आला होता. त्यानंही तिच्या दंडाला धरून विचारलं, "पुनम, काय दिलंस तू तिला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं. मी काही बोलले नाही. डॉक्टरांनी मला विचारलं नव्हतं. आणि माझ्या दोन-तीन वेढ्यांनी असं होत नाही, विश्वंभरला कधी झालं नाही. दुसरंच काहीतरी असणार. जनकाबाई पदराचं टोक चावत उभ्या होत्या.

नर्सनं केसपेपरवर लिहायला लेकराचं नाव विचारलं. अजून ठेवलं नाही, असं मी सांगत होते तेवढ्यात पुनम म्हणाली, "स्वरा." नर्सनं लिहून टाकलं. बारसं नाही, पाळणा नाही, वडीलधाऱ्यांना विचारणं नाही. एवढ्या घाईत नाव ठेवायची काय गरज होती? 'पुनमची मुलगी' असं नुसतं तात्पुरतं लिहून भागलं असतं.

८ फेब्रुवारी

लेकरू अजून डोळे नीट उघडत नाही. मला भीती वाटते. हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहिते. मला फार भीती वाटते.

बाकावर मी एका टोकाला, जनकाबाई दुसऱ्या. मधे आमच्या पिशव्या. कोण आधी बोललं सांगता येणार नाही, पण बोलणं त्यांनी काढलं असं मी म्हणेन.

"तुमी सकाळचं काय चारत व्हता लेकराला?"

"मी? तुमच्या बटव्यात झिजलेलं जायफळ आहे. मी पाहिलंय."

"अन् न्हाणीत सहाण कोनाची हाय? चंदन उगाळता काय तिच्यावर?"

"मी काय उगाळते ते विश्वंभरला दिलेलंच उगाळते. सकाळी दोन वेढे. त्यानं मुंगीसुद्धा झोपत नाही."

"मंग म्या बी सांजच्याला दोनच देत व्हते. माझ्या काहून बोकांडी बसता?"

दोन आणि दोन. हा हिशेब मी पहिलीच्या पोरांना घालत आले आहे. परवा माझे तीन होते, हे मी तिथं बोलले नाही.

मान वर केली तर दारात पुनम उभी. हातात लेकराचं टोपडं. किती वेळ उभी होती माहीत नाही. मी म्हटलं, "पुनम, तुझ्या आईनं..." आणि त्याच वेळी जनकाबाई म्हणाल्या, "पुनम, तुझी सासू..." ती ऐकायला थांबली नाही. आत गेली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. जायफळ, वेखंड, सकाळ, संध्याकाळ. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. आवाज अजिबात कापत नव्हता.

मग बाहेर आली. "दोघी घरी जा."

जनकाबाई म्हणाल्या, "लेकरू शुद्धीवर येऊ दे, पोरी."

"तुमच्यासमोर यायचं न्हाई तिनं."

विश्वंभर तिच्या मागं उभा होता. तो माझा मुलगा आहे. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. त्यानं आमच्या पिशव्या उचलल्या आणि स्टँडपर्यंत आणून दिल्या.

१० फेब्रुवारी

लेकरानं डोळे उघडले. रडलं, प्यायलं. विश्वंभरचा फोन किसनरावांना आला, मला नाही. शेतातून निरोप घेऊन गडी आला. मी देवापुढं साखर ठेवली. जनकाबाई आधीच गूळ ठेवून बसल्या होत्या.

आज सव्वा महिना. पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगायचं काम माझ्याकडं आलं. लेकराला सर्दी आहे असं सांगितलं.

१३ फेब्रुवारी

दवाखान्यातून सोडलं, पण घरी आणलं नाही. दुकानाच्या मालकाची वरची खोली आहे वसमतला, तिथं राहिले आहेत. एक खोली, एक मोरी. आमचं पाच खणांचं घर इथं रिकामं आणि माझी नात कोणाच्या गच्चीखाली. पुनमचं डोकं फिरलं आहे. चूक झाली असेल, पण वाईटासाठी केलं होतं का? लेकराला झोप लागावी म्हणून केलं. या घरात त्याच्यावर जीव टाकणारी माणसं जास्त झाली, हाच काय तो गुन्हा.

किसनराव हळद शिजवायच्या निमित्तानं शेतातच जेवतात. घरात आम्ही दोघी. जनकाबाईंना न्यायला नरसीहून टेम्पो येत नाही, त्यांच्या पोरालाही हळदीतून सवड नाही. मी भाकरी करते, त्या कालवण करतात. त्यांच्या कालवणात तिखट फार असतं. खाते.

१६ फेब्रुवारी

विश्वंभर कपडे न्यायला आला. लंगोट, दुपटी, पुनमच्या साड्या. पाळणा नेला नाही. पाणी दिलं तर म्हणाला, "प्यायलोय." मुलाला आईच्या घरी पाणी नको झालं.

मी विचारलं, "लेकरू कधी आणतोस?" जनकाबाई चुलीपासून उठून दारात आल्या होत्या.

तो खाली बघून म्हणाला, "म्या तिला लई समजावलं, आई. ती म्हनते, लेकरू बोलाया लागू द्या. कोनं काय चारलं ते तिला तिच्या तोंडानं सांगता येऊ द्या. मंग आणते."

"आणि तू? तुझं काय म्हणणं?"

"म्या तिला दवाखान्यात काय बोललो ते तू ऐकलंस. माझं आता काईच म्हननं न्हाई."

तो गेला. मोटरसायकलचा आवाज बंद झाल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मला लेकरू पाहिजे. त्याचा वास पाहिजे, पायांवरचं त्याचं वजन पाहिजे. राग येतो तो सगळ्यांचा येतो, पुनमचा, विश्वंभरचा, डॉक्टरांचा. सगळ्यांचा झाला की शेवटी कोणाचा येतो ते मी लिहिणार नाही.

जनकाबाई म्हणाल्या, "मास्तरीनबाई, लेकरू किती दिसांत बोलाया लागतं वो?" थेट मला. मधे पुनम नव्हती.

मी म्हटलं, "वर्षभरात. विश्वंभर तर दहाव्या महिन्यातच बोलला." हे खरं नाही, पण तसं म्हटलं.

त्या पायाची बोटं चाळवत म्हणाल्या, "पुनम तीन वर्साची होईस्तोर मुकीच व्हती. समदे देव केले आमी. बोलतच नव्हती, नुसती बघायची."

तीन वर्षं. मला रडू आलं, आणि ते या बाईसमोर आलं याचा जास्त राग आला. त्याही रडत होत्या. आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही.

लेकरू एकदाचं बोलायला लागलं की आधी कोणाचं नाव घेईल, हे सारखं मनात येत राहिलं. महिनाभर मला वाटत होतं की ते माझंच घ्यावं. आज वाटतं, त्यांचं घ्यावं.